बिअरमधले धने गेले कुठे?

गेल्या अंकात बेल्जियममधल्या गव्हाच्या बिअरबद्दल मी ओझरतं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांत विचारणा मसाल्याचीच होती. म्हणून हे सदर या वेळी पूर्ण त्याच विषयाला देते आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी सांगलीची. वडिलांचं मसाल्याचं दुकान होतं. गेली बारा वर्षं मी बेल्जियममध्ये लूव्हेनला राहते आणि एका ब्रुअरीत चाखणीचं काम करते. धन्याचं पोतं आणि बिअरचा ग्लास या दोन्हींशी माझा रोजचा संबंध आलेला आहे.

प्रश्न : ताई, पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत बेल्जियन पद्धतीची एल बिअर घेतली. फळ्यावर ‘धने आणि संत्र्याची साल’ असं स्पष्ट लिहिलं होतं. मला धने अजिबात लागले नाहीत, उलट लवंग लागली. वाढणाऱ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, यात लवंग नाहीच. माझी जीभ चुकते आहे, की ते खरं सांगत नाहीत? — एक वाचक, कोथरूड, पुणे

तुमची जीभ चुकलेली नाही आणि तो मुलगाही खोटं बोलला नाही.

आधी लवंगेचं बघू. जव आणि गहू यांच्या सालीत फेरुलिक आम्ल असतं. बेल्जियन एलचं जे यीस्ट असतं ते बिअर आंबवताना या आम्लाचं रूपांतर ४-व्हिनिल ग्वायकॉल नावाच्या द्रव्यात करतं. लवंगेच्या वासाचं मुख्य द्रव्य म्हणजे युजेनॉल. ते आणि यीस्टने केलेलं हे द्रव्य, दोन्ही रसायनाच्या भाषेत एकाच घराण्यातली. म्हणून नाकाला लवंग वाटते. जर्मनीतल्या बव्हेरियात तर १५१६ च्या फर्मानाने बिअरमध्ये जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं) आणि पाणी एवढ्यालाच मुभा होती. पुढे गव्हालाही मुभा मिळाली, पण तिथल्या गव्हाच्या बिअरमध्ये आजही मसाल्याचा कण पडत नाही, तरी तिला लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास येतो. तो सगळा यीस्टचा. तेव्हा मसालेदार एल चाखताना पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा की निम्मा मसाला ब्रुअरने घातलेला नसतो, तो यीस्टने केलेला असतो.

आता धने. तुमच्या पत्रातला हा भाग वाचून मला माझे इथले पहिले दिवस आठवले, कारण मलाही ते लागले नव्हते. तेव्हा मी आठ दिवस त्याच विचारात होते. मसाल्याच्या दुकानात वाढलेल्या मुलीला धने ओळखू येऊ नयेत, हे मनाला फार लागलं होतं.

उत्तर सापडलं ते आजीच्या आठवणीने. आपल्या घरात धने येतात ते भाजून. गोड्या मसाल्यात तेलावर परतलेले, धने-जिरे पुडीत कोरडे भाजलेले, जेवणानंतरच्या धनाडाळीतही भाजलेलेच. धने भाजले की त्यांचा वास बदलतो, तो खमंग होतो, शेंगदाण्याच्या जवळ जातो. आणि ‘धने’ म्हटलं की दुसरीकडे मनात कोथिंबीर येते, तिचा वास तर वेगळ्याच द्रव्यांमुळे असतो. म्हणजे बिअरमध्ये आपण एक तर फोडणी शोधतो, नाही तर कोथिंबीर. त्या दोन्ही तिथे नसतात. बेल्जियममध्ये धने कच्चेच भरडून टाकतात.

कच्च्या धन्याचा वास आपल्याकडे एकाच ठिकाणी भेटतो. वैशाखात आजी रात्री तांब्यात धने भिजत घालायची आणि सकाळी ते पाणी गाळून, खडीसाखर घालून द्यायची. उन्हाळे लागू नयेत म्हणून. त्या पाण्याला जो लिंबाच्या पानासारखा, थोडा फुलासारखा वास असतो, तोच या एलमधला वास. कच्च्या धन्याच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग लिनालूल या द्रव्याचा असतो आणि तेच द्रव्य लॅव्हेंडरच्या फुलांत असतं, काही हॉप्समध्येही असतं. म्हणून धने बिअरमध्ये धने म्हणून वेगळे उभे राहत नाहीत. ते हॉप्सला आणि संत्र्याच्या सालीला हाताशी धरतात आणि आपल्याला नुसतं ‘काहीतरी संत्र्यासारखं, ताजं’ असं वाटतं.

घरी एक करून बघा. दोन वाट्या घ्या. एकीत चमचाभर कच्चे धने खलबत्त्यात नुसते फुटतील एवढेच कुटून टाका. पूड करू नका. दुसरीत तेवढेच धने भाजून, मग कुटून टाका. दोन्हींत कडकडीत गरम पाणी ओता, झाकण ठेवा, पाच मिनिटांनी उघडा आणि आधी वास घ्या. भाजलेल्या धन्यांच्या वाटीत स्वयंपाकघर असेल, कच्च्यांच्या वाटीत फळबाग. ही कच्च्या धन्यांची वाटी नाकात बसली की पुढच्या वेळी ग्लासात धने तुम्हाला लगेच सापडतील. आमच्या चाखणीच्या टेबलावर नवीन माणूस आला की मी त्याला पहिल्या दिवशी हेच करायला लावते, मग तो फ्लेमिश असो की कोल्हापूरचा.

आता ग्लासाबद्दल. आपल्याकडे अजूनही बर्फ धरलेल्या मगात बिअर देणं मानाचं समजतात. मसालेदार एलसाठी तो मग नको म्हणून सांगा, साधा, धुतलेला, कोरडा ग्लास मागा. वासाची द्रव्यं थंडीत दबून बसतात. टॅपमधून आलेली एल चार अंशांवर असेल तर ती दहा मिनिटं तशीच टेबलावर राहू द्या. आठ-दहा अंशांवर ती बोलायला लागते. हाताला ग्लास गार लागावा, पण बोटं बधिर होऊ नयेत, एवढा अंदाज पुरतो. ग्लास काठोकाठ भरू नका. वर दोन बोटं फेस आणि थोडी मोकळी जागा हवी, वास तिथेच साठतो.

बाटली असेल तर दोन तृतीयांश ओता, उरलेली हलकेच गोल फिरवा आणि मग तळाचा गाळ ग्लासात येऊ द्या. तो गाळ म्हणजे यीस्ट आणि गव्हाचं प्रथिन. एल गढूळ दिसेल, तशीच ती असायला हवी. अनेक जण बिअर खराब झाली म्हणून ती परत करतात, तसं करू नका.

नाक ग्लासात घालून एक दीर्घ श्वास घेण्यापेक्षा दोन-तीन छोटे, पटापट श्वास घ्या. मग एक मोठा घोट. तो जिभेवर सगळीकडे फिरू द्या आणि गिळा. वाइन चाखणारे थुंकतात, आम्ही थुंकत नाही, कारण कडवटपणा गिळल्यावर जास्त नीट कळतो. गिळल्यावर तोंड मिटलेलं ठेवून नाकाने श्वास सोडा. धने तिथे सापडतात. सर्दीत आमटी बेचव लागते, कारण हीच मागची वाट बंद झालेली असते. पहिल्या घोटाला आधी आंबूस-गोड, मग दुधाळ गहू लागेल. श्वास सोडताना संत्र्याची साल येईल आणि सगळ्यात शेवटी, घोट गेल्यावर तीन-चार सेकंदांनी, कोरडी मिरमिर मागे राहील. ती मिरमिर म्हणजे धने.

आणि कृपा करून ग्लासावर लिंबाची फोड खोचू देऊ नका. लिंबाच्या आम्लाने फेस बसतो आणि सालीचा वास सगळ्यावर कुरघोडी करतो. ब्रुअरने मोजून घातलेलं संत्रं मग ऐकूच येत नाही.

एक गोष्ट धन्यांच्या जातीबद्दलही सांगायला हवी. आपले धने लांबट, मोठे, फिकट असतात. युरोपात मिळणारे बारीक, गोल आणि तपकिरी. बारीक दाण्यात तेल जास्त असतं, आपल्यात कमी. पण वडील सांगलीहून पाठवायचे ते धने मी इथे घरच्या वीस लिटरच्या घाण्यात वापरून पाहिले आहेत. (बेल्जियममध्ये स्वतःपुरती बिअर घरी करता येते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय ते कायद्यात बसत नाही, तेव्हा हे वाचून करायला घेऊ नका.) वीस लिटरला पंचवीस ग्रॅम, उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत. आधी टाकले तर तेल वाफेबरोबर उडून जातं. इथल्या धन्याला एक भाजीसारखी हिरवट बाजू असते, ती आपल्या धन्यांत जवळपास नव्हती, लिंबासारखा वास मात्र स्वच्छ होता. पुण्यातली ब्रुअरी आपलेच धने वापरत असेल तर तुमच्या ग्लासातले धने आणखी सौम्य असणार. म्हणूनही ते निसटले असतील.

प्रश्न : माझा मुलगा ‘मसाला एल’ म्हणून काय काय घेऊन येतो. चांगल्या बिअरला मसाला कशाला लागतो? हा माल लपवायचा प्रकार किंवा नवी फॅशन वाटते. — एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

काका, माल लपवण्यासाठी मसाला घालणारे असतात, ते मी नाकारत नाही. पण ही फॅशन नवी नाही. हॉप्स बिअरमध्ये सर्रास यायच्या आधीपासून एलमध्ये मसाला होता.

मध्ययुगात नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीच्या भागात बिअरला चव द्यायला ‘ग्रुट’ नावाचं मिश्रण वापरायचे. त्यात दलदलीत वाढणारं गेल नावाचं सुगंधी झुडूप असायचं, बरोबर इतर वनस्पती. ग्रुट विकण्याचा हक्क सत्ताधीशांकडे असायचा, म्हणजे तो एक करच होता. ब्रुगे शहरात ग्रुटहूस नावाचा भलामोठा जुना वाडा आहे, आता तिथे संग्रहालय आहे. त्या घराण्याला हे नाव आणि पैसा ग्रुटच्या हक्कातूनच मिळाला. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मला आपल्याकडचे पेठेतले वाडे आठवले, गुळावर आणि हळदीवर उभे राहिलेले. पुढे हॉप्स आले, त्यांनी बिअर जास्त टिकायला लागली आणि ग्रुट मागे पडलं. इंग्लंडमध्ये तर पंधराव्या शतकात हॉप्सवालीला बिअर आणि बिनहॉप्सवालीला एल असा फरक करत. आज एल म्हणजे जरा उबदार तापमानात आंबवलेली बिअर, हॉप्स तिच्यातही असतात.

ज्या धने-संत्र्याच्या एलबद्दल सगळे विचारतात तिची गोष्ट मात्र एका माणसाची आहे आणि ती तुम्हाला सांगायलाच हवी. लूव्हेनपासून जवळच हूगार्डन नावाचं गाव आहे. गव्हाच्या पांढऱ्या बिअरसाठी ते शेकडो वर्षं ओळखलं जायचं. एकेक ब्रुअरी बंद पडत गेली आणि १९५७ मध्ये टॉमसिन ही शेवटचीही बंद झाली. पियर सेलिस नावाचा दूधवाला त्या ब्रुअरीच्या शेजारीच राहायचा, लहानपणी तिथे हाताखाली कामही करायचा. गावाला आपली बिअर आठवते आहे, पण ती करणारं कोणी नाही, हे त्याला सहन होईना. १९६६ मध्ये त्याने ती पुन्हा सुरू केली. न मोड आणलेला गहू, जवाचं माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेला जव), धने आणि कुरासाओ बेटावरच्या कडू संत्र्याची वाळवलेली साल. ही साल डच व्यापारातून आलेली. स्पॅनिश लोकांनी त्या बेटावर संत्री लावली, तिथल्या कोरड्या हवेत फळ इतकं कडू झालं की खाता येईना, पण साल सुवासिक निघाली.

१९८५ मध्ये सेलिसची ब्रुअरी आगीत जळाली. उभारणीला मोठ्या कंपनीचा पैसा घ्यावा लागला आणि हळूहळू ब्रुअरी त्याच्या हातून गेली. मग ज्या वयात माणसं निवृत्त होतात त्या वयात तो अमेरिकेत टेक्ससमध्ये ऑस्टिनला गेला आणि १९९२ मध्ये तिथे तीच बिअर नव्याने काढली. २०११ मध्ये तो वारला. आज पुणे, मुंबई, बंगळुरूत ‘बेल्जियन विट’ (विट म्हणजे पांढरी) म्हणून जे मिळतं ते या दूधवाल्याच्या हट्टातून आलेलं आहे. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि महाराष्ट्रात ताज्या बिअरची चव लोकांना कळायला लागली, तेव्हा अशी पांढरी एल आपल्याकडेही रुजायला जागा झाली.

लपवालपवीबद्दल माझी परीक्षा सोपी आहे. ग्लास अर्धा झाला, एल कोमट व्हायला लागली की पुन्हा वास घ्या. मसाला मागे सरून गहू, पाव, मध असं काही पुढे आलं तर माल चांगला. कोमट झाल्यावर नुसती वेलची किंवा नुसती दालचिनीच उरली आणि खाली काहीच नसेल, तर तुमची शंका खरी. मुलाला पुढच्या वेळी एकच ग्लास आणायला सांगा, दोघं मिळून अर्धा-अर्धा घ्या आणि अर्धा तास लावा. लाइपझिगची ‘गोझ’ कुठे मिळाली तर तीही बघा. आंबट, धने घातलेली आणि चक्क मिठाची. तुम्हाला मठ्ठा आठवेल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. दर शरद ऋतूत इथे ‘पम्पकिन एल’ येते. भोपळा तर लागतच नाही, शिवाय यंदा आणलेली बाटली दातदुखीच्या औषधासारखी लागली. असं का? — एक वाचक

भोपळ्याला स्वतःची चव फार थोडी. त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, उरतो तो थोडा जाडसरपणा. अमेरिकेत १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड गावच्या बफेलो बिल्स ब्रुअरीने ही एल पुन्हा लोकांसमोर आणली, तेव्हाच लक्षात आलं होतं की लोकांना हवा असतो तो भोपळ्याच्या ‘पाय’ या गोड पदार्थातला मसाला. दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंग. आपल्या घारग्यांचंच बघा ना. भोपळा किसून गुळात शिजवला तरी घारगा खाताना मन ओळखतं ते जायफळ.

औषधाची चव लवंगेची. दातांच्या औषधात जे लवंगेचं तेल असतं त्यातलं युजेनॉल जिभेला बधिर करतं. त्यातून यीस्टनेही लवंगेसारखा वास आणला असेल तर दोन्ही मिळून बिअरचा कडेलोट करतात. माझ्याकडूनही हे झालं आहे. तिसऱ्या घाण्याला मी वीस लिटरमध्ये दहा लवंगा टाकल्या, पुलावाला टाकतो त्या हिशेबाने. आठवड्यानंतर पिंप उघडलं तर स्वयंपाकघरात दंतवैद्याचा दवाखाना. सहा महिने ठेवूनही तो वास कमी झाला नाही, शेवटी बिअर ओतून द्यावी लागली आणि त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. आता वीस लिटरला दोन लवंगा घालते, त्याही अख्ख्या.

थंडीतल्या गडद एलमध्ये मात्र मसाला चांगला मुरतो, कारण खाली भाजलेल्या माल्टची, काकवीसारखी गोडी असते. ती बारा अंशांच्या आसपास प्या. यंदाची बाटली आवडली नाही म्हणून सगळ्या सोडू नका. लेबलावर लवंग आधी आणि जायफळ-दालचिनी नंतर लिहिलेली असेल तर ती टाळा, उलट असेल तर एक छोटी बाटली आणून बघा.

प्रश्न : या एलबरोबर चकणा कोणता? आमच्याकडे तिखट सुकटच चालते. — एक वाचक, रत्नागिरी

तिखटाबरोबर नको. बुडबुड्यांनी तिखट आणखी भडकतं आणि मग जीभ फक्त आग मोजते. तुमच्या गावात तिसऱ्या (शिंपले) मिळतात, यापेक्षा जास्त काय हवं? बेल्जियममध्ये शिंपल्यांची मोठी पातेली भरून वाफवतात, कांदा, सेलरी आणि कधी कधी हीच पांढरी बिअर घालून, आणि तीच बरोबर पितात. तुम्ही तिसऱ्यांचं सुकं करा, पण मालवणी मसाला निम्मा, खोबरं ओलं, वरून कोकमाऐवजी दोन थेंब लिंबू. शिंपल्याचं खारट पाणी आणि गव्हाचा दुधाळपणा एकमेकांत मिसळतात. शाकाहारी असाल तर ताज्या लोण्याबरोबर काकडीचं थालीपीठ. थालीपिठात भाजलेले धने, ग्लासात कच्चे, दोन्ही एका घोटाच्या अंतरावर.

प्रश्न : मी दारू पीत नाही, पण नवऱ्याला आवड आहे आणि तुमचं सदर आम्ही दोघं वाचतो. मला यातलं काही कळू शकेल का? — एक वाचक, बदलापूर

नक्की कळेल. वर सांगितलेल्या दोन वाट्या तुम्ही करा आणि त्याच्या ग्लासाचा वास तुम्ही घ्या. आमच्या कामात निम्मी नोंद घोट घेण्याआधीच लिहून होते. त्याला न सांगता तुम्हाला काय काय आलं ते कागदावर लिहा, मग त्याने चाखून लिहावं आणि दोन्ही कागद ताडून बघा. जमल्यास मला दोन्ही पाठवा.